दुजेचं पित्तर

सत्त्याऐंशी साली मी सदतीस वर्षांचा होतो. ज्वारी हुरड्यात आली होती आणि राघूंनी नुसता उच्छाद मांडला होता. मी बांधावर उभा. एका हातात गोफण, दुसरा हात कपाळावर आडवा धरलेला, आणि थवा उन्हातून कुठून उतरतोय ते बघत होतो. तेवढ्यात शेजारच्या रानातून एक माणूस आला. पांढरा शर्ट, खाकी प्यांट, पायात कापडी बूट. बांधाजवळ आला आणि माझ्याकडं बघून असा थिजला, जसा पायाखाली साप निघाला.

"हात खाली घे," तो म्हणाला.

मला वाटलं गोफणीला भ्याला. मी गोफणीचा हात खाली घेतला.

"तो न्हाई. कपाळावरचा."

आता मी चौथी शिकलेला माणूस, पण कुणी हुकूम सोडला की माझं डोकं फिरतं. ते आजही फिरतं. मी म्हणालो, "रान माझं, हात माझा, कपाळ माझं. तुमी कोन सांगनार?"

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. थंडीचे दिवस आणि त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. मग अगदी दुसऱ्याच आवाजात विचारलं, "जेवलास का?"

हे नरसिंगराव. आमच्या बांधाला बांध त्यांचा. घर गावातलंच, पण लहानपणी शिकायला बाहेर गेले ते तिकडंच नौदलात विमान चालवायला लागले. समुद्रातल्या मोठ्या बोटीवरून उडायचं आणि तिच्यावरच परत उतरायचं, असलं ते काम. एकाहत्तरच्या लढाईत पराक्रम केला म्हणून चक्र मिळालं होतं. पुढं कमांडर होऊन पेन्शन घेतली आणि पोरीला पुण्याच्या शाळेत ठेवून नवरा-बायको गावात येऊन राहिले. त्यांच्या आईनं पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला होता, म्हणून ते नाव. गाव त्यांना साहेब म्हणायचं. भावकीतले म्हातारे नरसू म्हणायचे.

आता ते नाहीत. गावाच्या तोंडाशी त्यांच्या नावाची कमान झाली आहे. तिच्यावर निळं विमान काढलंय आणि खाली बोटी जळायल्यात. पेंटरानं विमानाला एवढाली चाकं काढलीत की ट्रॅक्टर वाटावा. खालच्या दगडावर जे कोरलंय ते खोटं नाही. पण ज्यानं कोरलं त्यानं त्यांच्या घरचं पित्तर कधी जेवलं नाही. मी जेवलो. म्हणून लिहायला बसलो.

साहेबाच्या सवयी गावाला करमणूक होती. बाजाराला पालमला जायचं म्हणजे आमच्याकडं एसटीच. गाडी फाट्यावर थांबली की लोक दारात घुसायचे आणि साहेब गाडीला चक्कर मारायचे. प्रत्येक टायरवर बूट आपटून बघायचे, खाली वाकून तेल गळतंय का ते बघायचे, मागच्या दाराची कडी ओढून बघायचे, आणि सगळ्यात शेवटी चढायचे. कंडक्टर तोंडावर हात ठेवून हसायचा. एकदा त्यानं न राहवून विचारलं, "साहेब, उडवायची न्हाई, नुसती चालवायचीय. बसा की!"

साहेब म्हणाले, "मागचं डाव्या अंगाचं आतलं टायर बसलंय. तुझ्या ड्रायव्हरला सांग."

ड्रायव्हरनं उतरून बघितलं. टायर अगदी ठणठणीत होतं. साऱ्या गाडीनं हसून घेतलं आणि साहेबही हसले. पण पुढच्या खेपेला परत चक्कर मारलीच.

त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी नव्हती. वैनी, म्हणजे त्यांची बायको, धुणं घराच्या मागं बोरीच्या काट्यांवर पसरायच्या. साड्यांना खोंबारे लागायचे, धागे निघायचे. माझी बायको गयाबाई एकदा म्हणाली, "वैनी, इतकी मोठी अंगनाची जागा. दोन बल्ल्या रोवल्या की झालं." वैनी म्हणाल्या, "यांना न्हाई चालत." एवढंच. आम्हाला वाटलं, लष्करातली काही शिस्त असंल.

आणि नदी. आमच्या शिवाराला गंगा लागून आहे. पुस्तकात तिला गोदावरी म्हणतात. तेव्हा पलीकडच्या गावाला जायला नाव होती. लग्नाला, दुखवट्याला सगळं गाव नावेतून जायचं. साहेब जायचे नाहीत. पलीकडं जायचं झालं तर एसटीनं पार पुलावरून फिरून, अर्धा दिवस घालवून जायचे. एका लग्नाला नावाडी काठावरून ओरडला, "बोटीवरचा साहेब नावंत बसायला भेतोय बगा!" साऱ्या नावेनं दात काढले. साहेब काठावर उभे होते. पाण्याकडं पाठ करून म्हणाले, "तुमी व्हा फुडं. जेवायच्या आत येतो." आणि फाट्याकडं चालू लागले. एवढा पराक्रमी माणूस आणि पाण्याला भितो, हे कोडं गावानं असंच हसून सोडून दिलं.

दरसाल सव्वीस जानेवारीला परभणीला त्यांना बोलावणं असायचं. इस्त्रीचे कपडे, छातीवर ते चक्र, चाल अशी की बघणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हावी. संध्याकाळी एसटीतून उतरले की फाट्यावरच्या लिंबाखाली थांबायचे, चक्र काढून रुमालात गुंडाळायचे, खिशात घालायचे, मग गावात शिरायचे. वेशीच्या आत ते लावून आल्याचं मी कधी बघितलं नाही. मी विचारलं, "कामून काढता? गावाला बघू द्या की."

म्हणाले, "तिथं सरकार बघतं. इथं आपली मानसं."

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी तो लावायचा प्रयत्नही केला नाही.

शाळेच्या गुरुजींनी एकदा त्यांना गळ घातली, पोरांना लढाईची गोष्ट सांगा. मीही मागं जाऊन उभा राहिलो. साहेबांनी काय सुरेख सांगितलं! म्हणाले, "पोरांनो, आपलं खळं असतं ना ज्वारीचं, ते धरा. ते खळं समुद्रात टाकलंय. आता ते खळं हालतंय, वरखाली व्हतंय, आन् वरून फुडं पळतंय बी. तुमी आभाळातून येनार आन् त्या पळत्या खळ्यावर उतरनार. खळ्यावर जाड तारा आडव्या टाकलेल्या. इमानाच्या शेपटाला आकडा. आकडा तारंत अडकला तर तुमी थांबले. उधळलेल्या बैलाला दाव्याचा हिसका बसतो तसा. न्हाई अडकला तर फुडं समुद्र." पोरं डोळे फाडून ऐकत होती. एकानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

गुरुजी नवे होते. त्यांना वाटलं आता रंग भरावा. उठून विचारलं, "साहेब, आणि शत्रूचे किती मारले आपण?"

साहेब थांबले. बघता बघता चेहरा उतरला. पहिल्या ओळीतल्या पोराला विचारलं, "जेवून आलास का रे?" ते म्हणालं, "व्हय." दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला विचारलं. मग टोपी घेतली आणि निघून गेले. गुरुजी मला म्हणाले, "मी काही चुकीचं बोललो का?" मी म्हणालो, "मला काय विचारता, तुमी गुरुजी का मी?"

त्यांनी पराक्रम काय केला ते मला कळलं ते त्यांच्या तोंडून नाही. एकदा त्यांचे मित्र केरळहून आले. मॅथ्यूसाहेब. तेही त्याच बोटीवरचे वैमानिक. मोठे जाडजूड गृहस्थ. पालमहून जीप करून आले, उतरले आणि रानात, ढेकळात, भर उन्हात वाकून नरसिंगरावांच्या पाया पडले. साहेब मागं सरकत म्हणाले, "अरे उठ, उठ, लोग देख रहे हैं." लोक म्हणजे मी एकटाच होतो.

दुपारी बाभळीखाली भाकरी, पिठलं, ठेचा. मॅथ्यूसाहेबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायलंय आणि हात थांबंना. मग त्यांनीच आपल्या मोडक्या हिंदीत मला सांगितलं. चार विमानं शत्रूच्या बंदरावर गेली होती. दोन्ही काठांवरून तोफा. मॅथ्यूसाहेबांच्या विमानाची पुढची काच फुटून जाळं झालं, आतले काटे बंद पडले, बोलायचं यंत्रही गेलं. कुठं वर, कुठं खाली, काही कळंना. खाली पाणी, वर आभाळ, दोन्ही एकाच रंगाचं. नरसिंगरावांच्या विमानाला भोक पडलं होतं आणि तेल गळत होतं. त्यांनी नीट सरळ बोटीवर जायला पाहिजे होतं. पण ते मागं फिरले, मॅथ्यूसाहेबांच्या पंखाला पंख लावला आणि आंधळ्याला हाताला धरून आणावं तसं त्यांना बोटीपर्यंत आणलं.

"फिर इसने हाथ से इशारा किया," मॅथ्यूसाहेब म्हणाले, "तू पहले उतर."

मी म्हणालो, "उसमें क्या? मेहमान पहले."

तर ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "आप समझे नहीं. मैं अगर वहाँ गिरता, आग लगती, तो इसको उतरने को जगह ही नहीं थी. और इसका तेल खतम."

मग मला खळं आठवलं. एकच खळं. आंधळा आधी उतरला, नीट उतरला. हे वर फिरत राहिले आणि टाकी रिकामी झाल्यावर उतरले. चक्र मिळालं ते याच्यासाठी.

मॅथ्यूसाहेब म्हणाले, "मेरे तीनों बच्चे इसके हैं." आणि रडायला लागले. ठेच्यानं का कशानं, कोण जाणे. नरसिंगराव मला म्हणाले, "माणिक, त्याला ताक दे." आणि स्वतः उठून पार विहिरीपर्यंत चालत गेले. असलं आयकलं की माणसानं थोडं फुगावं की नाही? हा माणूस आक्रसायचा.

आता पित्तराचं.

भादव्यात पितरपाठ येतो. ज्याचा माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याच्या नावानं स्वयंपाक. बाहेरच्या एका माणसाला पित्तर म्हणून सांगायचं, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, खीर-वडे-कढी पोटभर वाढायची. तेवढ्यापुरता तो माणूस म्हणजे गेलेला माणूस. तो जेवल्याशिवाय घरातल्यानं अन्नाला शिवायचं नाही. साहेब गावात आले त्याच साली, भादव्यातल्या दुजेला, म्हणजे द्वितीयेला, त्यांनी मला पित्तर म्हणून सांगितलं. बांधावर आमची तशी खडाजंगी झालेली, तरी मलाच. मी गेलो. साहेबानं माझे पाय धुतले. एवढा मोठा माणूस, खाली वाकून, माझ्या भेगांत अडकलेली काळी माती बोटानं काढत होता. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, खरं सांगतो. माझ्या पत्रावळीशेजारी एक लहान पत्रावळ मांडलेली असायची, वीतभर. तिच्यावर नुसती खीर. तिथं कुणी बसायचं नाही. मला वाटायचं, कावळ्याची असंल.

पुढं दरसाल दुजेला मीच. मी समजत होतो त्यांच्या वडलांचं पित्तर आहे. गयाबाईनं एकदा मला अडवलं. बायकांना साऱ्या गावाची पित्तरं पाठ असतात. म्हणाली, "ओ, साहेबाच्या वडलांचं पित्तर सप्तमीला. त्यांच्या चुलतभावाच्या, किसनरावाच्या घरी व्हतंय, मी स्वतः वडे थापायला जाते. आईचं नवमीला. मंग तुमी दुजेला कोनाचं जेवून यायलाव?"

मी म्हणालो, "तुला काय करायचंय?" पण मुंगी कानात शिरावी तसं ते माझ्या डोक्यात शिरलं.

त्या दुजेला मी पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"साहेब, मी कोनाचं जेवायलोय?"

वैनींच्या हातात वड्यांची परात होती, ती तशीच राहिली.

"आधी जेव," साहेब म्हणाले.

"आधी सांगा."

"पित्तरानं हट्ट करू नये."

"पित्तर हाय म्हनूनच करायलोय. उद्या माझं कोन आयकनार?"

ते हसले. मग माझ्यासमोर भुईवर मांडी घालून बसले आणि सांगितलं. बोलताना माझ्याकडं बघत नव्हते, त्या लहान पत्रावळीकडं बघत होते.

"त्या बंदरात पहिल्या फेरीला तोफांची बोट बुडवली. ते बरूबर व्हतं. ते आमच्यावर झाडत होते, आमी त्यांच्यावर. त्याचं मला काही न्हाई. दुसऱ्या फेरीला नदीत एक जहाज होतं, सामानाचं. त्याच्यात दारूगोळा हाय म्हनून सांगितलं होतं. असंल. आमी विचारत न्हाई, विचारायचं नसतं. मी लय खाली आलो. माणिक, त्या वेगात खालच्या मानसाचं तोंड दिसत न्हाई. दिसूच शकत न्हाई. मला दिसलं. एक मानूस, लुंगी नेसलेला, डेकवर उभा. मागं दोरीवर धुनं वाळत घातलेलं. त्यात एक झगा. एवढुसा. पोरीचा. आन् तो मानूस पळत न्हाई, लपत न्हाई. कपाळावर हात आडवा धरून वर बघतोय, काय येतंय ते. जसा तू राघू बघत होतास."

मी हात पत्रावळीवरून मागं घेतला.

"माझं बोट खाली गेलं होतं, का जायचं होतं, ते मला आजबी सांगता येत न्हाई. मागं वळून बघितलं तर नुसता धूर. नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई, जात-धर्म म्हाईत न्हाई. ती पोरगी जहाजावर व्हती का घरी व्हती, ते म्हाईत न्हाई. पंचांग काढून तिथी तेवढी बघितली. दुज."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "म्हंजे इतकी वर्सं मी वैऱ्याचा मुडदा होऊन जेवायलोय? तुमच्या गड्याला बसवायचं, भिकाऱ्याला बसवायचं! माझंच तोंड घावलं?"

"तुझा हात," ते म्हणाले.

मी उठणार होतो. पण पित्तर अर्ध्या ताटावरून उठलं तर त्या घरात त्या दिवशी कुणी जेवत नाही. ते मला ठाऊक होतं, वैनींना ठाऊक होतं, आणि त्या नुसत्या माझ्याकडं बघत उभ्या होत्या. मी बसलो. कडू औषध गिळावं तसा एकेक घास गिळला. खीर सगळी संपवली. हात धुतला आणि म्हणालो, "फुडल्या साली दुसरा बगा."

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या भादव्यात त्यांनी काय करावं? दुजेच्या आदल्या दिवशी पारावर आले. सगळे बसलेले होते. त्यांचा चुलतभाऊ किसनराव मधोमध. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडं उद्या पित्तर हाय. इतकी वर्सं न सांगता जेवू घातलं, ते बरूबर झालं न्हाई. आता सांगून बोलावतो." आणि मला सांगितलं होतं ते सगळं चार वाक्यांत सांगितलं. कुणाच्या हातातली तंबाखू तोंडापर्यंत जाईना.

किसनराव उसळला. "नरसू, याड लागलं का तुला? आपल्या पोरांवर गोळ्या झाडनाऱ्याचं पित्तर घालतोस? आपल्या कुळात?"

"ते गोळ्या झाडत नव्हते, दादा."

"मंग काय करत व्हते?"

"वर बघत व्हते."

किसनराव मग आणखी चढला. "त्यांना चालतं का तरी आपलं खीर-वडं? कोन्या धर्माचे, कोन्या देशाचे..."

"चालत असंल. न्हाई चालत असंल. दुसरं मला काय येतं?"

"कोनी जायचं न्हाई!" किसनरावानं काठी आपटली. "जो जाईल त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई. माणिक, तू बी आयक."

आता हे किसनरावानं बोलायला नको होतं. मी जाणारच नव्हतो. गयाबाईला तसं सांगूनही ठेवलं होतं. पण मला नाव घेऊन 'तू बी आयक'?

दुसऱ्या दिवशी दुपार कलायला लागली तेव्हा गेलो. साहेब ओसरीवर बसलेले, धुतलेलं धोतर, हातात गंधाची वाटी. छपरावरचा घास कावळ्यानं कधीच नेला होता. माणूस आला नव्हता. आत वैनी चुलीला टेकून बसल्या होत्या. दोघांचीही तोंडं सुकलेली.

मी ओरडलो, "काय बसलाव नुसते? पाय कोन धुनार?"

साहेबानं मान वर केली. "तू तर दुसरा बगा म्हनला होतास."

"मिळाला का? न्हाई ना? मंग?"

"किसनदादाला कळंल, माणिक."

"त्याला कळावं म्हनूनच पारावरून आलोय."

मी काही दया येऊन गेलो नव्हतो, हे लिहून ठेवतो. लोक माझ्याबद्दल नंतर काहीबाही चांगलं बोलायला लागले, ते मला पटत नाही. मला कुणी जाऊ नको म्हटलं म्हणून मी गेलो. पण जेवताना एक झालं. ती लहान पत्रावळ माझ्या डाव्या हाताला होती, नुसती खीर वाढलेली. मी तिच्याकडं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं, आणि माझ्यातला एक वडा उचलून तिच्यावर ठेवला. वैनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. का ठेवला ते मला विचारू नका.

किसनराव माझ्याशी मरेपर्यंत बोलला नाही. त्याच्या दारात मी गेलो नाही. मला काही अडलं नाही.

वैनी गेल्या. त्यानंतर साहेब हळूहळू विसरायला लागले. आधी नावं. मग वाटा. एसटी निघून गेलेली असायची आणि ते मोकळ्या फाट्यावर गोल चक्कर मारत असायचे, वाकून बघत, बूट आपटत. पोरं हसायची. मी त्यांना हाताला धरून घरी आणायचो. पोरगी पुण्याहून यायची, चला म्हणायची. चांगली आहे पोरगी. ते म्हणायचे, "दुज होऊ दे, मग येतो." दुज झाली की म्हणायचे, "आता फुडल्या दुजेनंतर." मी तिला सांगितलं, "बाई, ते येणार न्हाईत. मी हाय इथं." एकदा उन्हात चालता चालता मला म्हणाले, "माणिक, सगळं विसरायलोय. पण जे विसरावं म्हनतो ते तेवढं जागेवर हाय." एवढं बोलून मलाच विचारलं, "आपन कोन?"

मग शेवटची दुज आली. त्यांच्या घरात गयाबाईनं स्वयंपाक केला. मी गेलो, पाटावर बसलो. त्यांनी तांब्या घेतला. अर्धं पाणी माझ्या धोतरावरच सांडलं. पाय धुतले, पुसले, गंध लावायला हात वर केला आणि तो हात तिथंच थांबला. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आणि मला कळलं की ते ज्याच्याकडं बघायलेत तो मी नाही.

"आप आ गये," ते म्हणाले.

 चुलीपासून गयाबाई म्हणाली, "ओ, कोन आलंय?" मी तिला हातानं गप केलं.

"मैं हर साल रखता हूँ, भाई. आपको मिलता है?"

आमच्या भागात निजामाचं राज्य होतं, त्यामुळं बापाच्या तोंडची दखनी मलाही येते. बोली यायला अडचण नव्हती. तोंडात जीभ नव्हती, ती अडचण होती. "मिलता है," मी म्हणालो.

"और बच्ची को?"

मी लहान पत्रावळीकडं बघितलं. "उसको बी मिलता है."

ते पुढं सरकले. गंधाचं बोट अजून तसंच वर. डोळे लाल, आणि त्या डोळ्यांत मी जन्मात कुणाच्या बघितली नाही अशी भीती. जो माणूस रिकाम्या टाकीनं आभाळात फिरत राहिला, तो माझ्यापुढं भिऊन बसला होता.

"मुझे माफ किया?"

कुणी म्हणंल, त्यात काय, व्हय म्हणायचं. म्हणून बघा. तो माणूस कोण, त्याच्या घरी कोण, त्याची बायको किती दिवस काठावर जाऊन बघत बसली, मला काय ठाऊक? त्याच्या वतीनं व्हय म्हणायचा मला हक्क नव्हता. आणि न्हाई म्हणायचा तर त्याहून नव्हता. मी घाम पुसला. साहेब वाट बघत होते.

"बैठो," मी म्हणालो. "मेरे संगात खाओ."

पित्तराच्या पंगतीला घरचा माणूस बसत नाही, आमच्याकडं ते चालतच नाही. गयाबाई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं तोंडावर हात ठेवला. साहेब बसले. मी माझी पत्रावळ मधे सरकवली. त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. मग आम्ही दोघांनी एकाच पानात सगळं संपवलं. त्यांनी मला गंध लावलंच नाही, ते बोटावरच वाळून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाही न घेता त्यांच्याकडं गेलो. साहेब ओसरीवर बसले होते. दाढी केलेली, बुटाच्या नाड्या बांधलेल्या. मला लांबूनच ओळखलं. कितीतरी महिन्यांत असं ओळखलं नव्हतं.

"ये माणिक, बस. काल आला न्हाईस."

मी ओसरीच्या कडेला टेकलो.

"इतकी वर्सं आलास, आन् कालच न्हाई. गावाला भ्यालास व्हय रे शेवटी?"

माझ्या तोंडावर असं बोलणारा माणूस या गावात राहिलेला नाही. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण ते पुढं वाकले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "न्हाई आलास ते बरं झालं. तू असतास तर जागा अडली असती. तो आला होता, माणिक. स्वतः."

"कोन?"

"तो. जेवला. पोटभर जेवला. मलाबी संगं बसवलं." त्यांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. मग त्यांनी परत माझ्याकडं बघितलं, भुवई उचलली, पहिल्यासारखी, हुकमाची.

"खरं सांग. भ्यालास ना?"

"व्हय साहेब," मी म्हणालो. "भ्यालो. घरीच बसलो होतो."